दुखण्याची पट्टी : कॅनडांतील गहूवाल्या शेतकऱ्यांचा अनुभव

शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब मांडावयास बसलें म्हणजे बियाणें, खत, मजुरी, ट्रॅक्टरचें भाडें, विजेचें बिल, सोसायटीचा हप्ता आणि सरकारी सारा अशीं ठरलेलीं सदरें पडतात. दुखण्याचें सदर मात्र त्यांत कोणी घालीत नाहीं. घरांत आजारपण येईल असें आधींच लिहून ठेवणें अभद्र वाटतें, आणि तें किती येईल याचा अंदाज तरी कोणी करावा? परंतु सदर नाहीं म्हणून खर्च टळत नाहीं. महसूल खात्याच्या कारकुनींत आमचा जन्म गेला. फेरफाराच्या नोंदवहींत विकणाराचें नांव असतें, घेणाराचें असतें, गट नंबर व क्षेत्र असतें. जमीन कां विकली हें लिहिण्यास मात्र रकाना नसतो. तो असता तर मुलीच्या लग्नाच्या खालोखाल ‘दुखणें’ हाच शब्द आम्हांस वारंवार लिहावा लागला असता.

हा केवळ चावडीवरचा अनुभव नव्हे. भारत सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०१३-१४ सालीं देशांत आरोग्यावर जो एकूण खर्च झाला त्यांतील शेंकडा ६४.२ भाग लोकांनीं उपचाराच्या वेळीं स्वतःच्या खिशांतून दिला. २०२१-२२ पर्यंत हें प्रमाण शेंकडा ३९.४ वर उतरलें. ही सुधारणा मान्य केलीच पाहिजे. तथापि शंभरांतील एकोणचाळीस रुपये अजून रोग्याच्या उशाशीं बसूनच मोजावे लागतात, ही गोष्टही विसरतां येत नाहीं.

दुखण्याचा खर्च इतर खर्चांसारखा नसतो. बियाणें महाग वाटलें तर दुसरें दुकान पाहतां येतें. बैल पसंत नसला तर पुढच्या बाजारापर्यंत थांबतां येतें. रोगी खाटेवर असतां भाव करतां येत नाहीं, थांबतां येत नाहीं, आणि जो माल घ्यावयाचा त्याची पारख विकणारासच असते, घेणारास नसते. शिवाय हा खर्च सर्वांवर सारखा येत नाहीं. शंभर घरांपैकीं नव्वद घरें वर्षभर किरकोळ औषधांवर निभावतात आणि दोन-चार घरें एकाच धक्क्यानें खालीं बसतात. म्हणून या खर्चाविषयीं खरा प्रश्न इतकाच उरतो कीं, तो दुखणें आल्यावर एकट्यानें द्यावयाचा, कीं दुखणें येण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून द्यावयाचा. फुकट उपचार म्हणून जगांत कांहीं नसतें. जेथें तो फुकट दिसतो तेथें त्याची पट्टी कोणीतरी आधीं भरलेली असते.

ही पट्टी आधीं व सर्वांनीं मिळून भरावी, हा विचार एका देशांत विद्वानांच्या परिषदेंतून न निघतां शेतकऱ्यांच्या गांवसभेंतून निघाला. तो देश कॅनडा, आणि त्यांतील प्रांत सस्कॅचेवान. त्याची हकीकत आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

गांवानें डॉक्टर ठेवला

सस्कॅचेवान हा प्रांत १९०५ सालीं स्थापन झाला. विस्तारानें तो आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. परंतु १९४६ सालीं देखील त्याची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडील दोन-तीन मोठ्या तालुक्यांइतकी. युरोपांतून व कॅनडाच्या पूर्व भागांतून आलेल्या लोकांनीं तेथील गवताळ माळ मोडून गव्हाची शेती केली. घरें दूरदूर, हिवाळा अति कडक, पीक एकच, आणि त्याचा भाव ठरणार परमुलखांत. अशा ठिकाणीं डॉक्टर टिकत नसे. पीक आलें तर त्याचें बिल मिळावयाचें, न आलें तर बुडावयाचें. तेव्हां तोही शेतकऱ्याप्रमाणेंच आकाशाकडे पाहून राही, आणि कंटाळला म्हणजे शहराची वाट धरी.

सार्निया नांवाच्या एका ग्रामीण मंडळांत १९१४-१५ च्या सुमारास असाच प्रसंग आला. तेथील डॉक्टर सोडून जाण्याच्या बेतांत होता. मंडळाच्या सभासदांनीं विचार केला कीं, आपण रस्ते राखण्यासाठीं जमिनीवर कर बसवितों, शाळेसाठीं बसवितों, तर डॉक्टर राखण्यासाठीं कां बसवूं नये? त्यांनीं त्यास वार्षिक १,५०० डॉलर देऊं केले, आणि तो राहिला. असा खर्च करण्याचा अधिकार मंडळास कायद्यानें तोंपर्यंत नव्हता. गांवकऱ्यांनीं आधीं काम केलें आणि कायदा मागून आला. १९१६ सालीं प्रांताच्या विधिमंडळानें ग्रामीण मंडळांस डॉक्टरासाठीं कर बसविण्याची मोकळीक दिली, आणि पुढें पूर्ण पगारी डॉक्टर ठेवण्याचीही मुभा मिळाली. त्याच १९१६ सालीं दुसरा कायदा झाला. एकेकट्या मंडळास इस्पितळ झेपत नसेल तर शेजारच्या दोन-चार मंडळांनीं व गांवांनीं एकत्र येऊन तें बांधावें, आणि त्याचा खर्च जमिनीवरील करांतून काढावा, अशी त्यांत तरतूद होती. क्षयरोगाच्या बाबतींत तर १९२९ पासून त्या प्रांतांत कोणाही रहिवाशास उपचाराचें बिल देण्याची गरज राहिली नाहीं. हें करणारा कॅनडांतील तो पहिला प्रांत होय.

ज्यानें जमाबंदीचें काम पाहिलें आहे त्यास या योजनेंतील मर्म लगेच कळेल. आपल्याकडेही मुंबई इलाख्यांत १८६९ च्या कायद्यानें साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड घेण्यांत येई, व त्यांतून रस्ते आणि शाळा चालत. आजही जिल्हा परिषदेच्या १९६१ च्या कायद्यांत साऱ्याच्या दर रुपयावर उपकराची तरतूद आहे. दर लहान आणि देणारे पुष्कळ, एवढेंच या पट्टीचें बळ.

एक कल्पित हिशेब करून पाहूं. पांचशें घरांच्या गांवांत वर्षाकाठीं दहा घरांवर मोठें दुखणें आलें आणि प्रत्येकास साठ हजार रुपये लागले, तर एकूण सहा लाख झाले. हे दहा घरांनींच द्यावयाचे म्हटलें तर दहा गहाणखतें. पांचशें घरांनीं वांटून घेतले तर प्रत्येकी वर्षास बाराशें, म्हणजे महिन्यास शंभर रुपये. परंतु ‘ज्यास हवें त्यानें यावें’ असें ठेवलें तर धडधाकट माणसें म्हणतील, आम्हांस काय गरज? मग ज्या पन्नास घरांत दुखण्याची भीति आहे तींच काय तीं येतील, आणि त्या दहा रोग्यांचा भार पन्नास घरांवर पडून प्रत्येकास बारा हजार द्यावे लागतील. तो आकडा पाहून त्यांतलींही निम्मीं निघून जातील, आणि पट्टीचें खातेंच मोडेल. सर्वांनीं भरली तरच दुखण्याची पट्टी हलकी राहते, हें या हिशेबावरून दिसतें.

दुष्काळानें शिकविलेला धडा

१९३० नंतरच्या दशकांत त्या प्रांतावर दुहेरी आपत्ति आली. जगभर मंदी येऊन गव्हाचा भाव कोसळला, आणि त्याच वेळीं वर्षानुवर्षें अवर्षण पडून शेतांतील माती वाऱ्यावर उडून गेली. जमिनीवरील कर थकला, आणि त्याबरोबर डॉक्टरचा पगारही थकला. पुष्कळ ठिकाणीं प्रांत सरकारला डॉक्टरांस मदतीची रक्कम देऊन थांबवून ठेवावें लागलें.

एका गांवाची किंवा एका मंडळाची पट्टी साध्या वर्षांत उत्तम चालते, कारण सगळेच एकदम आजारी पडत नाहींत. परंतु सगळ्यांचें पीक मात्र एकदमच बुडतें. म्हणून जी पट्टी एकाच पिकावर व एकाच मुलखावर उभी आहे ती नेमकी गरजेच्या वेळीं रिकामी होते. तिला आधार हवा असेल तर तिचा विस्तार पुष्कळ मंडळांवर झाला पाहिजे, आणि ती केवळ जमिनीवर न बसतां इतर उत्पन्नावरही बसली पाहिजे. त्या शेतकऱ्यांस हें समजलें. मॅकिलॉप मंडळाचे पुढारी मॅट अँडरसन यांच्या खटपटीनें १९३९ सालीं एक कायदा झाला, आणि जमिनीबरोबर माणशी कर बसवून डॉक्टर व इस्पितळ या दोन्हींची सोय करण्याचा अधिकार मंडळांस मिळाला.

या लोकांस एकत्र हिशेब ठेवण्याची संवय आधींच होती, हेंही सांगितलें पाहिजे. १९२४ सालापासून त्या प्रांतांतील शेतकऱ्यांनीं सहकारी ‘व्हीट पूल’ काढून आपला गहू एकत्र विकण्यास आरंभ केला होता. धान्याच्या वजनांत व भावांत विश्वास ठेवण्यास जे शिकले त्यांस दुखण्याच्या पट्टींत विश्वास ठेवणें अवघड गेलें नाहीं.

मंडळाचा चिटणीस आणि प्रांताचा मुख्यमंत्री

१९४४ च्या जून महिन्यांत तेथें निवडणूक होऊन टॉमी डग्लस हे मुख्यमंत्री झाले. लहानपणीं त्यांच्या पायाच्या हाडास रोग झाला होता, आणि आईबापांस खर्च झेपत नसल्यानें पाय कापावा लागण्याची वेळ आली होती. एका नामांकित शस्त्रवैद्यानें, आपल्या विद्यार्थ्यांस ती शस्त्रक्रिया पाहूं द्यावी एवढ्याच अटीवर, ती विनामूल्य करून तो पाय वांचविला. गरिबाच्या मुलाचा पाय असा योगायोगावर अवलंबून असूं नये, असें डग्लस पुढें सांगत. मुख्यमंत्री झाल्यावर आरोग्यखातें त्यांनीं स्वतःकडेच ठेवलें. सप्टेंबर १९४४ मध्यें प्रांताची पाहणी करण्यासाठीं त्यांनीं डॉ. हेन्री सिगरिस्ट यांस बोलाविलें. हेच सिगरिस्ट त्यानंतर थोड्याच महिन्यांत आपल्या देशांत आले, आणि सर जोसेफ भोर यांच्या आरोग्यसमितीस त्यांनीं सल्ला दिला. म्हणजे सस्कॅचेवानचा माळ व हिंदुस्थानांतील खेडीं या दोन्हींचा विचार एकाच वैद्यकपंडितानें एकाच हिवाळ्याच्या आगेंमागें केला. पुढें दोहोंकडे काय झालें तें वाचक पाहतीलच.

तिकडे काम झपाट्यानें चाललें, आणि त्याचें श्रेय केवळ मंत्र्यांस देतां येत नाहीं. स्विफ्ट करंट या भागांत पिटव्हिल नांवाचें एक मंडळ आहे. तेथील चिटणीस-खजिनदार विल्यम बुराक यांनीं आसपासच्या मंडळांस पत्रें धाडलीं, वर्तमानपत्रांत लिहिलें, सभा भरविल्या, आणि सर्व भागानें मिळून एकच पट्टी बसवावी असा आग्रह धरला. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून केवढें काम होऊं शकतें याचें हें उदाहरण आमच्यासारख्या जुन्या कारकुनास विशेष प्रिय वाटतें. नोव्हेंबर १९४५ मध्यें त्या भागांतील लोकांनीं मत देऊन योजना पत्करली, आणि १ जुलै १९४६ पासून सुमारें पन्नास हजार लोकांस डॉक्टर व इस्पितळ या दोन्हींची सोय माणशी कर व जमिनीवरील कर यांतून मिळूं लागली. मुलांच्या दांतांची देखील त्यांत व्यवस्था होती. उत्तर अमेरिकेंत कोणाही रहिवाशास न वगळणारी अशी ही पहिलीच योजना.

१ जानेवारी १९४७ पासून सर्व प्रांतासाठीं इस्पितळाचा विमा सुरू झाला. वर्षास माणशी पांच डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठें असलें तरी तीस डॉलरांच्या वर नाहीं, असा दर होता. लोक इस्पितळांत येऊं लागले, खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि पुढें विक्रीकराचा भाग त्यास जोडावा लागला. टीकाकार म्हणाले, ‘पाहा, फुकट म्हटल्यावर गर्दी झाली.’ परंतु हर्निया, गर्भाशयाचे विकार, जुनी गळवें असलीं जीं दुखणीं लोक पैशाअभावीं अंगावर काढीत असत तीं पहिल्या कांहीं वर्षांत दारापर्यंत आलीं, यांत नवल नाहीं. धरणाचें दार प्रथम उघडलें म्हणजे पाणी जोरानेंच येतें.

तेवीस दिवसांचा झगडा

इस्पितळाचा खर्च झाला. डॉक्टरांच्या फीचा प्रश्न राहिला. १९५७ सालीं कॅनडाच्या केंद्र सरकारनें कायदा करून प्रांतांच्या इस्पितळ-विम्याचा सुमारें निम्मा खर्च उचलण्याचें ठरविलें, आणि सस्कॅचेवानच्या तिजोरींत पैसा मोकळा झाला. डिसेंबर १९५९ मध्यें डग्लस यांनीं रेडिओवरून नव्या योजनेचीं पांच तत्त्वें सांगितलीं: पैसे आधीं भरलेले असावेत, कोणी वगळला जाऊं नये, उपचार उत्तम प्रतीचा असावा, कारभार लोकांस जबाबदार असलेल्या संस्थेकडे असावा, आणि उपचार घेणारे व देणारे या दोघांसही योजना मान्य व्हावी. जून १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढून त्यांच्या पक्षानें जिंकली. नोव्हेंबर १९६१ मध्यें कायदा झाला. त्याच महिन्यांत डग्लस केंद्रीय राजकारणांत गेले, आणि वुड्रो लॉइड मुख्यमंत्री झाले.

डॉक्टरांच्या संघटनेस पांचवें तत्त्व मान्य नव्हतें. सरकार एकमेव पैसे देणारा झाला म्हणजे आपली फी, आपली पद्धति, आपलें स्वातंत्र्य त्याच्या मुठींत जाईल, अशी त्यांची भीति होती. ती अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारांत माल नेणाऱ्या शेतकऱ्यास ती समजूं शकते. १ जुलै १९६२ रोजीं योजना अंमलांत आली, आणि त्याच दिवशीं प्रांतांतील बहुतेक डॉक्टरांनीं दवाखाने बंद केले. ठराविक इस्पितळांत तेवढी तातडीची सोय ठेवली होती. सरकारनें ब्रिटन वगैरे ठिकाणांहून डॉक्टर आणविले. डॉक्टरांच्या बाजूनें ११ जुलैस रेजायना येथें मोठा मेळावा भरविण्यांत आला. पण अपेक्षेपेक्षां फारच थोडे लोक जमले. उलट कांहीं शहरांत रुग्णांनींच सहकारी संस्था काढून स्वतःचे दवाखाने उघडले व त्यांत डॉक्टर नेमले. सॅस्काटून व प्रिन्स अल्बर्ट येथील दवाखाने याच वेळचे.

शेवटीं ब्रिटनमधील डॉक्टर व पार्लमेंटाचे सभासद लॉर्ड टेलर यांनीं मध्यस्थी केली, आणि २३ जुलै रोजीं सॅस्काटून येथें तडजोड झाली. डॉक्टर पगारी नोकर होणार नाहींत, प्रत्येक उपचाराची ठरलेली फी त्यांस मिळेल, आणि ज्यास योजनेबाहेर राहून धंदा करावयाचा त्यास तशी मोकळीक राहील, असें ठरलें. पट्टी मात्र सर्वांनीं भरावयाची व सर्वांस हक्क असावयाचा, हा मूळ पाया तसाच राहिला. डॉक्टरांनीं पुढें पाहिलें कीं, बिल बुडण्याचा धाक गेला आणि पैसे वेळेवर येऊं लागले. त्यामुळें योजनेस शिव्या देणारांची संख्या ओसरली.

त्यानंतर केंद्र सरकारनें नेमलेल्या न्यायमूर्ति एमेट हॉल यांच्या आयोगानें १९६४ सालीं सर्व देशानें हाच मार्ग घ्यावा अशी शिफारस केली. १९६६ सालीं कायदा झाला, आणि १९७२ पर्यंत कॅनडाचे सर्व प्रांत त्यांत आले. सार्निया मंडळानें डॉक्टर राखण्यासाठीं जमिनीवर बसविलेली पट्टी सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांत एका अवाढव्य देशाची पद्धति झाली.

दारावरचा दीड डॉलर

या पद्धतींतही दोष शिरले, आणि ते आमच्या वाचकांपासून लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. १९६८ सालीं सस्कॅचेवानांत नवें सरकार होतें. लोक विनाकारण डॉक्टरकडे जातात अशा समजुतीनें त्यानें दवाखान्यांतील प्रत्येक भेटीस दीड डॉलर आणि इस्पितळांतील राहण्यासही दिवसास कांहीं रक्कम लावली. पुढें या काळाच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञांनीं तपासल्या, तेव्हां असें दिसलें कीं, डॉक्टरकडील भेटी एकंदरींत शेंकडा सहा-सात कमी झाल्या. पण गरीब कुटुंबांच्या भेटी शेंकडा अठराच्या सुमारानें घटल्या. दीड डॉलरानें ऐपतदाराचें येणें फारसें थांबलें नाहीं, गरिबाचें थांबलें. १९७१ सालीं सरकार बदलून ही फी रद्द झाली. पुढें १९८४ च्या राष्ट्रीय कायद्यानें असा नियम केला कीं, ज्या प्रांतांत विम्यांत बसणाऱ्या उपचारासाठीं रोग्याकडून जादा रक्कम घेतली जाईल, त्याच्या केंद्रीय मदतींतून तितकीच रक्कम कापली जावी.

दुसरा दोष अधिक खोल आहे. मंडळाच्या हातीं असलेली पट्टी प्रांताच्या हातीं गेली तेव्हां तिचा पाया रुंद झाला, दुष्काळाची भीति गेली; परंतु निर्णयही गांवापासून दूर गेला. १९७७ नंतर केंद्र सरकारनें निम्म्या खर्चाची हमी सोडून ठोक रक्कम देण्याची रीति धरली, आणि कर्जांत बुडालेल्या प्रांत सरकारांस काटकसर करावी लागली. १९९३ सालीं सस्कॅचेवान सरकारनें बावन्न लहान ग्रामीण इस्पितळांतील खाटा बंद करून त्यांचें रूपांतर साध्या आरोग्यकेंद्रांत केलें. ज्या शेतकऱ्यांच्या आजोबांनीं जमिनीवर पट्टी बसवून इस्पितळें उभीं केलीं होतीं, त्यांच्याच गांवीं हें घडलें. लहान इस्पितळ महाग पडतें आणि त्यांत कुशल डॉक्टर ठेवणें अवघड असतें, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण हिवाळ्याच्या रात्रीं साठ मैल मोटार हांकणाऱ्यास तो पुरेसा वाटला नाहीं. शिवाय इस्पितळाबाहेर घेतलेलीं औषधें राष्ट्रीय कायद्याच्या मूळ हमींत नव्हतीं, आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रियांसाठीं लोकांस महिनोन्‌महिने थांबावें लागतें ही तेथील जुनी तक्रार आहे.

हे दोष असूनही दुखण्यापायीं शेत गेलें, असें तेथें घडणें फार विरळ झालें आहे. आजोबांच्या पट्टीचा हा हिशेब नातवंडांस पुरेसा चोख लागला असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडील खातें

आतां दुसरीकडचें पाहूं. ज्या भोर समितीस सिगरिस्ट यांनीं सल्ला दिला तिचा अहवाल १९४६ सालीं, म्हणजे स्विफ्ट करंटची योजना सुरू झाली त्याच सालीं, बाहेर पडला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीही उपचारास मुकूं नये, हें त्याचें पहिलें तत्त्व. दर दहा ते वीस हजार लोकांमागें पंचाहत्तर खाटांचें इस्पितळ असावें, असें त्याचें दूरचें लक्ष्य. प्रारंभीं दर चाळीस हजारांमागें एक प्राथमिक आरोग्यकेंद्र. आज सपाट मुलखांत तीस हजारांमागें व डोंगराळ भागांत वीस हजारांमागें एक केंद्र असा नियम आहे. पंचाहत्तर खाटा कागदावरच राहिल्या. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणानें २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा अडीच करण्याचें ठरविलें. २०२१-२२ सालीं तो शेंकडा १.८४ होता.

महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवाची योजना आहे. २०२४ पासून तिची व्याप्ति वाढवून प्रत्येक कुटुंबास वर्षाकाठीं पांच लाखांपर्यंतच्या उपचाराची हमी दिली आहे. तिचा उपयोग ज्यांस झाला त्यांस तिचें मोल ठाऊक आहे. परंतु ती मुख्यतः इस्पितळांत दाखल झालेल्याची योजना आहे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या, दर महिन्याची तपासणी, मुलाचा ताप, हा खर्च लहान लहान होऊन सदैव चालू राहतो, आणि तो अजून घरच्याच कणगींतून जातो. तो खर्च कमी करण्याचें ठिकाण म्हणजे गांवाजवळचें आरोग्यकेंद्र. तेथें डॉक्टर हजर असला आणि कपाटांत औषध असलें तर पुष्कळांस मोठ्या इस्पितळाची पायरी चढावीच लागत नाहीं.

सहकाराच्या मार्गानेंही आपल्या शेजारीं एक प्रयोग झाला आहे. कर्नाटकांत २००३ सालीं सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठीं ‘यशस्विनी’ योजना निघाली. वर्षास साठ रुपये हप्ता आणि ठराविक शस्त्रक्रिया मोफत. पहिल्याच वर्षीं सोळा लाखांच्या आसपास सभासद झाले, कारण सोसायटीचा गटसचिव ज्या हातानें कर्जाचा हप्ता घेई त्याच हातानें हाही घेई. पण केवळ हप्त्यावर ती उभी राहिली नाहीं. सरकारी मदतीची जोड लागली. २०१८ सालीं ती सरकारी योजनेंत विलीन झाली आणि २०२२ मध्यें पुन्हां सुरू झाली. पट्टी गोळा करण्याचें काम सहकारी संस्था उत्तम करते. पण पट्टी पुरेशी रुंद व कायम ठेवण्यास सरकारी तिजोरी लागते, असा तिचा धडा. सस्कॅचेवानच्या दुष्काळानें हेंच शिकविलें होतें.

यावरून आमच्या शेतकरी बंधूंस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आरोग्याची सोय ही सरकारची मेहेरबानी असें मानूं नये. खतापासून डिझेलपर्यंत प्रत्येक खरेदींत आपण कर भरतों. ती आपलीच पट्टी होय, आणि पट्टी भरणारास जाब विचारण्याचा अधिकार असतो. दुसरी, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून आरोग्यकेंद्रांस रुग्णकल्याण समित्या व गांवोगांवीं आरोग्य समित्या नेमल्या गेल्या आहेत. त्यांच्याकडे थोडाबहुत निधि येतो. सोसायटीच्या ताळेबंदांतील एक रुपयाचा फरक शोधून काढणारे आपले सभासद त्या समितीच्या सभेस मात्र जात नाहींत. प्रत्येक सोसायटीनें आपल्यांतील एक जाणता माणूस या कामीं लावावा. डॉक्टर महिन्यांत किती दिवस हजर होता, कोणतें औषध किती दिवस नव्हतें, निधि किती आला व कशावर गेला, एवढ्या तीन नोंदी त्यानें ठेवाव्या, आणि त्या ग्रामसभेंत वाचून दाखवाव्या. तिसरी, जिल्हा परिषदेच्या व विधानसभेच्या उमेदवारास रस्त्याबरोबरच ‘आमच्या आरोग्यकेंद्रास तुम्ही किती रक्कम मिळवून द्याल?’ हें विचारावें. जो प्रश्न मतदार विचारीत नाहीं त्याचें सदर अंदाजपत्रकांत पडत नाहीं.

सार्नियाचे शेतकरी फार शिकलेले नव्हते. कर किती बसतो, त्यांतून काय मिळतें आणि हिशेब कोण ठेवतो, एवढें त्यांनीं नीट पाहिलें. आपल्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सारा बसत आला आहे आणि दुखण्याचा बोजाही त्याच सातबाऱ्यावर चढत आला आहे. हा बोजा चढूं द्यावयाचा नसेल तर पट्टी आधीं भरून तिचा हिशेब मागण्याची संवय प्रत्येक गांवानें लावून घेतली पाहिजे.